हॉरायझन पिकिंग शिकताना

हॉरायझन पिकिंग, म्हणजे सिस्मिक (जमिनीखालून परतलेल्या लहरींच्या) डेटात एका थराची सीमा शोधून खुणावणं, पुण्यात बसून शिकतोयस, तर सॉफ्टवेअरच्या लायसन्सच्या खर्चाची चिंता सोड. ओपनडिटेक्ट हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, आणि सरावाला उत्तर समुद्रातल्या एफ३ ब्लॉकचा डेटाही. पण ऑटोट्रॅकरवर, म्हणजे आपोआप पिकिंग करणाऱ्या साधनावर, लगेच भिस्त ठेवू नकोस. तो शेजारच्या ट्रेसशी (एका ठिकाणच्या लहरींच्या नोंदीशी) साम्य बघत पुढे सरकतो. फॉल्ट (थर तुटून सरकलेली जागा) आला की भलत्याच थरावर उडी मारतो, आणि नकाशा तरीही देखणाच दिसतो! म्हणून आधी विहिरीच्या सोनिक (ध्वनिवेगाच्या) आणि घनतेच्या लॉगवरून, म्हणजे खोलीनुसार नोंदींवरून, सिंथेटिक (हिशोबाने काढलेला ट्रेस) बनवून सिस्मिक डेटाशी जुळव, कुठला रिफ्लेक्टर (लहरी परतवणारी सीमा) म्हणजे कुठला थर ते ठरव. मग दर दहाव्या इनलाइन-क्रॉसलाइनवर (डेटातल्या एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या रेषांवर) हाताने पिकिंग कर. छेदबिंदूवर दोन्ही रेषांवरची, लहर परतण्याची वेळ जुळत नसेल, तर तिथेच थांब आणि चूक शोध. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टखालचा डेटा मात्र सुरुवातीला नको: तिथून येणारी रिफ्लेक्शन्स फार क्षीण असतात.