चहा – वेळ उरल्यास

वहीचं आडवं पान, हिरव्या शाईनं रकाने पाडलेलं, चुरगळू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलेलं. ८.४० टेकडी गणपती. ९.१५ झिरो माइल. ९.३५ अजब बंगला. मग दीक्षाभूमी, रमण सायन्स सेंटर, महाल, इतवारीत संत्रा बर्फी, कोराडीची देवी, अंबाझरी आणि शेवटी फुटाळा तलाव. दहा ठिकाणं, एक दिवस. अगदी तळाशी, बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘चहा – वेळ उरल्यास.’

डिसेंबर-जानेवारीत नागपूरला पाहुणे येतात आणि माझ्याकडे हा कागद घेऊन कुणी ना कुणी येतंच. दरवेळी शाईचा रंग तेवढा वेगळा. ‘एकच दिवस आहे मॅडम, काय काय दाखवू? आणि राहून गेलं तर?’ यासाठी समुपदेशकाकडे कशाला जायचं, असं तुम्हाला वाटेल. या बाई काही सहल आखून घ्यायला आल्या नव्हत्या. तीन आठवडे झोप नव्हती म्हणून आल्या होत्या. रात्री दोनला जाग यायची की मोबाइलवर नकाशा उघडून सीताबर्डी ते फुटाळा किती मिनिटं, हे पुन्हा पाहायचं. (त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

राहायला मनीषनगरला. सासू-सासरे वणीचे. सासरे एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. मंगळवारी सकाळी सासऱ्यांचे डोळे दाखवायचे होते, म्हणून दोघं रविवारी रात्री येणार होते. मधला सोमवार मोकळा. नवऱ्याला सुट्टी नाही, त्यामुळे सगळं यांच्या अंगावर.

मागच्या वर्षीही असाच एक दिवस झाला होता. सुरुवातच सीताबर्डीच्या किल्ल्यानं केली होती. १८१७ च्या लढाईचा किल्ला, मुलांनाही कळेल, असा विचार. पण किल्ला सैन्याच्या ताब्यात. सामान्यांना २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा मोजक्याच दिवशी आत सोडतात. दरवाजातूनच परत फिरावं लागलं. तिथं गेलेला अर्धा तास भरून काढायला पुढचं सगळं पळत पळत. एकचं जेवण अडीचवर गेलं. सासऱ्यांनी शुगरची गोळी वेळेवर घेतलेली, पोटात अन्न नाही. दोनच्या सुमाराला गाडीत त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. साखर खाऊन सावरले, पण मग नवरा बायकोवर, बायको नवऱ्यावर. घरी उतरताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, “पायलं माय तुझं नागपूर.”

हे वाक्य बाईंनी मला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा सूर वेगळा होता, हे मी वहीत टिपून ठेवलं.

मी विचारलं, दहाच का? सहा का नाही? बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा चालला. मग निघालं : धाकटा दीर पुण्याला असतो. दिवाळीनंतर जाऊबाईंनी सासू-सासऱ्यांना दोन दिवसांत ‘सगळं पुणं’ दाखवलं आणि घरच्या ग्रुपवर बावन्न फोटो टाकले. बावन्न. बाईंनी मोजले होते. माझं मत विचाराल तर या एका आकड्यानं जितकी झोप घालवली होती, तितकी दहा ठिकाणांनी नव्हती.

जाऊबाईंवर तिथल्या तिथं बोलणं मी टाळलं. तो विषय मोठा आहे आणि दोन आठवड्यांत संपणारा नाही. एक छोटं काम दिलं. मागच्या वर्षी गाडीत होते त्या प्रत्येकाला फोनवर सहज विचारायचं : मागच्या वेळचं काय आठवतं? उत्तर आलं की त्यावर वाद घालायचा नाही.

पुढच्या आठवड्यात त्या उत्तरं लिहून घेऊन आल्या. सासरे : किल्ल्याचा दरवाजा. सासूबाई : गाडीतलं भांडण, आणि शुगर उतरल्यावर टपरीवर थांबलो तिथला चहा, “मस्त होता व तो.” मुलगा : आजोबांचा घाम. पाहिलेल्या सात ठिकाणांपैकी एकाचंही नाव कुणी घेतलं नव्हतं.

इथं मी त्यांना मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग सांगितला. लोकांना एक हात १४ अंशांच्या गार पाण्यात ६० सेकंद धरायला लावला. दुसऱ्या खेपेला तसेच ६० सेकंद आणि वर आणखी ३०, पण त्या ३० सेकंदांत पाणी हळूहळू अंशभर कमी गार केलं. मग विचारलं, यातलं कुठलं पुन्हा कराल? बहुतेकांनी जास्त वेळाचं, म्हणजे एकूण त्रास जास्त असलेलं निवडलं, कारण त्याचा शेवट बरा होता. आठवण घड्याळ लावून बसत नाही. सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट, एवढंच ती मुख्यतः धरून ठेवते. बाई म्हणाल्या, “म्हणजे आमच्या वाट्याला घाम आणि भांडण.” आणि चहा, मी आठवण करून दिली.

मग आम्ही तो दिवस उलटा आखायला घेतला, संध्याकाळकडून सकाळकडे. सूर्य मावळताना सासूबाई कुठे बसलेल्या हव्यात? फुटाळ्याच्या काठावर. बरं. जानेवारीत सहाच्या आत सूर्य जातो, म्हणजे पाचला तिथं. पाचला ताजंतवानं पोचायचं तर त्याआधी काय? दीक्षाभूमी, तासभर, कारण स्तूपात बसता येतं. त्याआधी? दुपारी घरी येऊन आडवं होणं.

यावर बाई जवळजवळ चिडल्याच. “फिरायला आलेल्या माणसांना घरी झोपवायचं?” मी म्हटलं, एकाचं वय चौऱ्याहत्तर, दुसरीचा गुडघा दुखतो. नकाशातल्या वीस मिनिटांत देवळाबाहेर चपला शोधणं धरलेलं नसतं, बाथरूम धरलेलं नसतं. आणि एकचं जेवण एकलाच व्हायला हवं, गोळीसाठी. ते घरी झालं तर उशीर व्हायचा प्रश्नच नाही.

सकाळसाठी सासऱ्यांनाच विचारा म्हटलं. त्यांनी फोनवर जे सांगितलं त्यानं आम्ही दोघीही चाट पडलो. “तीस वर्सं गाडी आनली म्या नागपुरात, पन गणेशपेठच्या स्टँडाच्या पुढं काई गेलो नाई. पॅसिंजर उतरवले, चहा पेलो, वापस.” त्यांना मेट्रोत बसायचं होतं. बस्स. म्हणून सकाळी मेट्रो आणि अजब बंगला, दुपारी घर, मग दीक्षाभूमी, फुटाळा. सोमवारचा सासूबाईंचा उपास असतो हे मी मुद्दाम विचारून घेतलं आणि डब्यात साबुदाण्याची उसळ ठरवली. अशा गोष्टी माझ्या नजरेतून सुटत नाहीत, याचा मला थोडा अभिमानही वाटला.

तो उतरायला सोमवार उजाडावा लागला.

पुढचं बाईंनी नंतर सांगितलं ते. जयप्रकाशनगरहून मेट्रो धरली. सासरे बसलेच नाहीत, पहिल्या डब्यात ड्रायव्हरच्या केबिनला खेटून उभे. गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर आपण, हे कळल्यावर त्यांनी कडबी चौकाला उतरून उलट गाडीनं पुन्हा तो टप्पा केला. सासूबाई खिडकीशी बसून दोन्ही वेळा तेच पाहत होत्या. त्यांची काही तक्रार नव्हती.

मग अजब बंगला. १८६३ पासूनचं संग्रहालय, लहानपणी नाव ऐकलेलं. आणि ते सोमवारी बंद असतं. बाईंना सुचलं नाही, मला सुचलं नाही. पुन्हा एक बंद दरवाजा. बाई सांगत होत्या, “मॅडम, माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, झालं, मागच्या वर्षीसारखंच.” सासऱ्यांनी पाटी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि बायकोकडे वळून म्हणाले, “अजब बंगल्याचाबी उपास दिसते आज.”

सासूबाई हसत सुटल्या. तिथंच एका झाडाखाली डबा उघडला.

वेळ हाताशी होता, कारण पुढं पाठलाग करायला काही ठेवलंच नव्हतं. जवळच झिरो माइल, तिकडे गेले. वाळूच्या दगडाचा खांब, चार घोडे आणि सर्वेक्षणवाल्यांनी १९०७ मध्ये उंची मोजण्यासाठी ठेवलेला आधार. नातवानं शाळेत शिकवलेलं सगळं म्हणून दाखवलं. आजोबांचं लक्ष दगडावर कोरलेल्या गावांच्या नावांकडे. हैदराबाद, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, चांदा म्हणजे चंद्रपूर. अंतरं मैलांत. चांद्याच्या मैलांचे त्यांनी बोटांवर किलोमीटर केले, मान हलवली आणि तेव्हाचा रस्ता कुठून कुठून जात असेल यावर नातवाला वीस मिनिटं सांगत राहिले. वीस मिनिटं. हिरव्या शाईच्या कागदावर झिरो माइलला तेवढीच दिली होती, पण त्यांत बसस्टँड, डिझेल आणि वरोऱ्याचा रस्ता धरलेला नव्हता.

दुपारी सगळे झोपले, बाईसुद्धा. दीक्षाभूमीला स्तूपाच्या घुमटाखाली सासूबाई भिंतीला टेकून पाऊण तास गप्प बसल्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांच्या माहेरगावचे कोण कोण बैलगाडीनं स्टेशनपर्यंत आणि तिथून रेल्वेनं इथं आले होते, ते त्यांनी वडिलांकडून ऐकलं होतं. इतकी वर्षं सुनेला त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. फुटाळ्याला भाजलेली कणसं आणि चहा. सासूबाईंनी उपास असून दोन कप घेतले. घरी साडेसातला गरम भाकरी आणि भरतावर उपास सुटला.

फोटो किती? मी न राहवून विचारलं. नऊ निघाले, त्यातले चार नातवानं काढलेले आणि हललेले. ग्रुपवर टाकायचे राहूनच गेले होते. जाऊबाईंचा विषय अजून आमच्या यादीत आहे. मागच्या दोन भेटी त्यावरच गेल्या.

परवा त्या आल्या तेव्हा जरा अडचणीत होत्या. डोळ्यांच्या पुढच्या तपासणीला सासरे एप्रिलमध्ये येणार आहेत, आणि या वेळी त्यांना गणेशपेठचा स्टँड पाहायचा आहे, प्रवासी म्हणून, बाकावर बसून. “मॅडम, स्टँड काय पाहण्यासारखी जागा आहे का?” मी म्हटलं, एप्रिलचं ऊन आहे, सकाळी आठच्या आत न्या. आणि वार कुठला आहे, मी विचारलं. त्या म्हणाल्या, सोमवार.

स्टँड सोमवारीही सुरू असतो, एवढं मी खात्रीनं सांगितलं.