ड्रोन राहू द्या, आधी विम्याचं बघा

प्रश्न : वय 43, भांडुपला राहतो, हातात पगार 90 हजार. फ्लॅटचं 38 लाख कर्ज बाकी. पत्नी घर सांभाळते, दोन मुलं शाळेत. कराडजवळ धाकट्या भावाचा चार एकर ऊस आहे. त्याला फवारणीचा ड्रोन घेऊन भाड्याने चालवायचा आहे. विक्रेता महिन्याला पावणेचार लाख सुटतील म्हणतो. पुतण्या अकरावीत आहे, तो उडवेल. गृहकर्जावर 8 लाखांचा टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, घेऊ का? विम्याची काळजी नाही. बँकेतल्या मॅडमनी एफडीसारखी पॉलिसी दिली आहे : 12 लाखांचं कवच, वर्षाला 1.2 लाख हप्ता, बारा वर्षं भरायचा, विसाव्या वर्षी 26 लाख. चार हप्ते भरले.

उत्तर : टॉप-अप नको.

ड्रोन वाईट नाही. डोक्याच्या वर गेलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन माणूस शिरू शकत नाही, तिथे ड्रोन एकरभर दहा मिनिटांत उरकतो, तेही दहा लिटर पाण्यात. शिवाय औषध अंगावर येत नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, ते विसरू नये.

पण विक्रेत्याचा हिशेब रोज 25 एकर, एकरी 500, महिन्याचे तीसही दिवस असा आहे. वारा सुटला की काम बंद, पाऊस आला की बंद, बॅटऱ्या चार्ज व्हायच्या, बांधावरून बांधावर सामान हलवायचं. मी दिवसाला 12 एकर आणि वर्षाला 70 दिवस धरतो. म्हणजे वर्षाचे सव्वाचार लाख. बॅटऱ्या, पिकअप, मदतनीस, विमा, दुरुस्ती यात अडीच लाख जातील. दहा वर्षांच्या टॉप-अपचा हप्ता वर्षाला सव्वा लाख. भावाच्या हातात उरतात पन्नास हजार, आणि कर्ज फिटायच्या आत बॅटऱ्या दोन-तीनदा बदलायच्या. पुतण्याला अठरा पूर्ण झाल्याशिवाय पायलटचं प्रमाणपत्रच मिळत नाही. अनुदानाच्या भरवशावर असाल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर पूर्वसंमती आधी, खरेदी नंतर. भावाने सध्या ड्रोन भाड्याने बोलवावा. चार एकर, पाच फवारण्या, दहा हजारांत वर्ष निघेल.

आता तुम्ही न विचारलेलं. उद्या तुमचं काही झालं तर पत्नीच्या हातात 12 लाख आणि डोक्यावर 38 लाख. टॉप-अप घेतलात तर 46. याला तुम्ही 'विम्याची काळजी नाही' म्हणता?

एफडीसारखी म्हणे! एफडीत दरवर्षी हप्ता भरावा लागतो का? 14.4 लाख भरून विसाव्या वर्षी 26 लाख म्हणजे जेमतेम चार टक्के. घराच्या कर्जाला तुम्ही त्याच्या दुपटीने व्याज देता. पासबुक भरायला गेलेल्या माणसाच्या गळ्यात हे मारतात, आणि माझ्याकडे अशी पॉलिसी घेऊन कोणी आलं नाही असा आठवडा जात नाही.

एक कोटीचा टर्म प्लॅन घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा. तंबाखू-सिगारेट नसेल आणि तब्येत ठीक असेल तर वर्षाला वीस-पंचवीस हजारांत बसेल. अर्जात काही लपवू नका. तो हातात पडेपर्यंत जुनी पॉलिसी मोडू नका. मग विमा कंपनीकडून सरेंडर (आत्ता मोडली तर किती मिळतील) आणि पेड-अप (पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली तर किती मिळतील) असे दोन्ही आकडे लेखी मागवा. मॅडमना फोन करू नका, त्या दुसरी पॉलिसी काढतील.