घाटात गेलेला ब्रेक परत कसा आला?

प्रश्न : काका, वडिलांची १९९९ची मारुती झेन मी अजून चालवतो. मे महिन्यात कराडहून गुहागरला निघालो होतो. पाच माणसं, डिकी भरलेली. कुंभार्ली घाट उतरताना शेवटच्या वळणांवर पेडल मऊ लागायला लागलं आणि बघता बघता खाली टेकलं. हॅन्डब्रेक ओढून, पहिला गिअर घालून पोफळीच्या अलीकडे कशीबशी गाडी थांबवली. अर्ध्या तासाने बघतो तर ब्रेक ठणठणीत! घाटाखाली एका गॅरेजात दाखवली, ते म्हणाले, ‘लीकेज नाही, बिनधास्त जा.’ पुतण्या म्हणतो, मागे पण डिस्क बसवा आणि डॉट ५ प्रतीचं ब्रेक ऑइल भरा. ब्रेक ऑइल कधी बदललं ते आठवत नाही, कमी झालं की वरून भरतो. काय करू?
– एक वाचक, कराड

उत्तर : गॅरेजवाला खोटं बोलला नाही, लीकेज नसणारच. पण ‘बिनधास्त जा’ हे त्याने म्हणायला नको होतं. तुमच्या वर्णनावरून ब्रेक ऑइल उकळलेलं दिसतंय.

आपण त्याला ऑइल म्हणतो, मीही गेली तीस वर्षं म्हणतोय, पण ते तेल नव्हे. तेलाचं आणि पाण्याचं जमत नाही. हे मात्र चाकाकडे जाणाऱ्या रबरी होजमधून (नळीतून), ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातून हवेतला ओलावा ओढत राहतं. सीलबंद बाटलीतलं नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की तोच आकडा १४० वर येऊ शकतो. घाटात सतत ब्रेक दाबला की कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तापतो, आतलं पाणी वाफ होतं, आणि वाफ दाबली की नुसती आक्रसते. पाय खाली जातो, चाकाला काहीच पोचत नाही. गार झालं की वाफेचं पुन्हा पाणी, आणि पेडल जागेवर! वरून भरत राहणं म्हणजे शिळ्या आमटीत ताजी पळी ओतणं.

आणखी एक. पत्रात लिहिलं नाहीत, पण तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पाय ब्रेकवर ठेवून उतरला असणार. घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरायचा. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे महाभाग अजून भेटतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

आता काम. एक लिटर डॉट ४ आणा, सीलबंद. निम्म्याच्या आसपास लागेल, पण मध्येच संपायला नको. टाकीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलेलं असलं तरी चालतं. दोघांची जात एकच, डॉट ४ फक्त जास्त तापमान सोसतं (कोरडं २३०, पाणी धरलेलं १५५). मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा आणि टाकीतलं काळं ऑइल आधी उपसून घ्या, नाहीतर तोच गाळ चारही चाकांतून फिरवाल. नवं भरा. मग एकेका चाकाचं निपल (जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) रिंग पान्याने सोडवायचं. फिक्स पाना लावलात की कोपरे गेलेच. गंजलेल्या निपलवर आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. निपलला पारदर्शक नळी लावा, नळीचं टोक थोडं नवं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा.

पेडलवर भरवशाचं माणूस हवं. माझ्याकडे मुलगी बसते, दहावीत असल्यापासून. मी म्हणतो ‘दाब’, ती म्हणते ‘दाबलाय’, मी निपल सोडतो, आवळतो, मगच ‘सोड’. निपल आवळायच्या आत पाय उचलला तर हवा उलटी आत. नळीतून चहाच्या रंगाचं येतं, मग फिकट, मग बाटलीतल्यासारखं. तोपर्यंत थांबायचं नाही, आणि टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. चाकांचा क्रम गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

जुन्या गाडीत इथे एक खड्डा आहे, मी स्वतः त्यात पडलोय. शिकाऊ असताना एका जुन्या पद्मिनीचं पेडल मी जोर लावून पार फरशीपर्यंत दाबत बसलो. मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या नळकांड्याच्या) ज्या भागात आतला रबरी वॉशर कधी जातच नाही, तिथे वर्षानुवर्षांचा गंज असतो. वॉशर त्यावर घासून फाटले. दुसऱ्या दिवशी मालक पेडल बसलेली गाडी ढकलत घेऊन आला. तेव्हापासून पेडलखाली दोन इंची लाकडी ठोकळा ठेवल्याशिवाय मी ब्लीडिंगला, म्हणजे निपल सोडून ऑइल काढण्याच्या या कामाला, हात लावत नाही. तुम्हीही ठेवा.

ऑइलसोबत रबरी होज बदला. सव्वीस वर्षांची रबरं बाहेरून बरी दिसतात, वाकवली की चिरा उघडतात. आतून सुजलेला होज तर ऑइल जाऊ देतो, परत येऊ देत नाही. मग चाक धरून राहतं आणि आणखी तापतं. पॅड ३ मिलिमीटरच्या खाली असतील तर तेही. मागचे ड्रम उघडून लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) बघा, व्हील सिलिंडरचं रबर उचलून आत ओल आहे का बघा. ओल दिसली तर सिलिंडरच नवा.

पुतण्याचं डोकं चांगलं आहे, पण मागे डिस्क नको. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं, पुढची चाकंच जास्त काम करतात. मागचा ब्रेक जोरदार केलात तर हलकी झालेली मागची चाकं आधी अडकतील, आणि ओल्या रस्त्यावर शेपूट पुढे येईल. हॅन्डब्रेकही त्या ड्रमवरच चालतो, ज्याने तुम्हाला पोफळीला वाचवलं. शिवाय असला बदल आरटीओ आणि विम्याच्या भानगडीत अडकतो ते वेगळंच. पैसे खर्चायचेच असतील तर पुढे चांगल्या प्रतीचे पॅड आणि नव्या डिस्क घाला.

डॉट ५ तर हातही लावू नका. ते सिलिकॉनचं, तुमच्या ऑइलशी मिसळत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते चालेल; इतकी सारखी नावं देणाऱ्याला कोण विचारणार?

प्रश्न : घरीच ब्रेक ऑइल बदलताना मडगार्डवर सांडलं. कापडाने पुसलं, तर रंग फुगलाय.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पुसायचं नव्हतं, भरपूर पाणी ओतायचं होतं, ते पाण्यात विरघळतं. आता रंगाऱ्याकडे. पुढच्या वेळी बोनेट उघडायच्या आधी पाण्याची बादली भरून ठेवा, आणि उरलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवली असेल तर ती आजच बाजूला काढा, उघडलेल्या बाटलीतलं ऑइलही ओलावा ओढतं, ते ब्रेकमध्ये घालू नका.