डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकत, मिळून गोष्ट रचत खेळायचा खेळ) पहिल्यांदाच चालवायचंय, चार मित्र खेळणार आहेत. डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारा, म्हणून काय तयारी करू?

सगळं नियमपुस्तक पाठ करत बसू नका. मोफत मिळणारे मूलभूत नियम एकदा वाचा आणि एवढं डोक्यात ठेवा: वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या कौशल्याचा बोनस मिळवायचा, ठरलेला आकडा गाठला की काम झालं. सोप्या कामाला 10, मध्यमला 15, कठीणला 20. खेळताना नियम आठवला नाही तर यातला एक आकडा सांगा आणि पुढे चला. पुस्तक नंतर चाळा.

माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला फाशाबद्दलच आहे. ज्या फाशावर गोष्टच अडेल, तो टाकायलाच लावू नका. गुप्त दार सापडल्याशिवाय पुढे जाता येणार नसेल, तर ते सापडू द्या. फासा ठरवेल ते एवढंच: किती वेळ गेला, किती आवाज झाला. मी पहिल्या खेळात हीच चूक केली आणि चौघं अर्धा तास एका भिंतीसमोर बसून राहिले.

पहिल्या पातळीवर पात्रं फार नाजूक असतात. जादूगाराकडे जेमतेम सात-आठ हिट पॉइंट्स (किती मार सोसता येतो तो आकडा), म्हणजे गॉब्लिनचे, त्या छोट्या दुष्ट प्राण्याचे, दोन वार बसले की जादूगार आडवा. म्हणून पहिली लढाई दोन-तीन गॉब्लिनचीच ठेवा.

कथा लांबलचक लिहू नका. एक गाव, एक अडचण, आणि बोलायला तीन माणसं पुरतात. मित्र तुम्ही ठरवलेल्या वाटेने जाणार नाहीतच. जाऊ द्या त्यांना, आणि ‘मग तू काय करतोस?’ हे सतत विचारत राहा.