रिपोर्ट चांगले आलेत, मग मला बरं का वाटत नाहीये? सार्कॉइडोसिससोबत जगणाऱ्या एका बाईंचा अनुभव

सार्कॉइडोसिस म्हणजे प्रतिकारशक्ती भडकून होणारा, बहुतेकांच्या फुफ्फुसात दिसणारा आजार. त्याचे पेशंट माझ्याकडे फार येत नाहीत, पण जे येतात ते जवळपास सगळे दोन प्रश्न घेऊनच येतात. डॉक्टर म्हणतात एक्सरे सुधारलाय, मग माझ्या अंगात त्राण का नाही? आणि हे परत येणार का? दुसऱ्या प्रश्नाला घरचे लोक, मित्रमंडळी, सगळे एकच उत्तर देतात की काही नाही होत गं, पॉझिटिव्ह राहा. मनापासून सांगते, हे उत्तर ऐकून कुणाची झोप परत आलेली मी अजून पाहिली नाही. आज ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. आणि मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्या-औषधांचं खाली जे येईल ते समजून घेण्यापुरतं, तुमच्या डोसचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

तर या बाई साताऱ्याजवळच्या एका झेडपी शाळेत शिक्षिका, वय चाळिशीच्या आत, मुलगी नववीत, मिस्टरांचं हार्डवेअरचं दुकान. सुरुवात कोरड्या खोकल्याने झाली, मग संध्याकाळची कणकण, वजन उतरलं, जिना चढला की धाप. एक्सरेत छातीतल्या गाठी सुजलेल्या दिसल्या आणि आपल्याकडे जे होतं तेच झालं, टीबी धरून गोळ्या सुरू झाल्या. यात लगेच कुणाची चूक काढू नये असं मला वाटतं, कारण टीबी आपल्याकडे घरोघरी आहे आणि दोन्ही आजारांत गाठी दिसतात, दोन्हीत ग्रॅन्युलोमा म्हणजे पेशींचे बारीक पुंजके तयार होतात, फरक कळायला गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो. चार महिने गोळ्या खाऊनही फरक पडेना तेव्हा पुण्याला नेलं, तिथे तोंडातून श्वासनलिकेत दुर्बीण घालून गाठीतलं सॅम्पल घेतलं आणि टीबी नाही, सार्कॉइडोसिस आहे असं निघालं. मधल्या काही दिवसांत कॅन्सरची शंका पण कुणीतरी बोलून दाखवली होती. म्हणजे माझ्यासमोर येऊन बसल्या तेव्हा या बाई वर्षभरात तीन आजारांना घाबरून झालेल्या होत्या, आणि त्यातला जो खरा निघाला त्याचं नाव त्यांच्या शाळेत कुणी ऐकलेलंही नव्हतं. सहकारी शिक्षिका डबा खायला लांब बसायला लागल्या होत्या, टीबी होता ना म्हणून. सार्कॉइडोसिस संसर्गजन्य नाही, एकाचा दुसऱ्याला होत नाही, कॅन्सरही नाही. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती भडकते आणि हे पुंजके बनवते, बहुतेकांना फुफ्फुसात आणि छातीतल्या गाठींत, पण डोळे, त्वचा, हृदय, लिव्हर, नसा कुठेही होऊ शकतं. ती का भडकते याचं पक्कं कारण अजून सापडलेलं नाही.

बाई आल्या त्या एक वही घेऊन. कोरोनाच्या वेळी घरात आणलेला ऑक्सिमीटर होता, तो त्या बोटाला लावायच्या आणि रीडिंग लिहायच्या. सकाळी उठल्यावर, शाळेत पोचल्यावर, मधल्या सुट्टीत, भाकरी थापून झाल्यावर, रात्री दोनला जाग आली की तेव्हाही. ९७, ९६, ९७, ९८. एखादा ९५ आला की त्याखाली लाल पेनाने रेघ, आणि मग पुढच्या पानावर दर दहा मिनिटांनी आकडे. मी पानं उलटत होते आणि त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या की हिला काही सापडतंय का. मी विचारलं, आकडा चांगला आला की किती वेळ बरं वाटतं? म्हणाल्या, पाचेक मिनिटं.

पाच मिनिटं. खरं दुखणं इथेच होतं. आकडा बघितला की जीव थोडा वेळ शांत होतो, मग पुन्हा शंका, पुन्हा आकडा, आणि जितक्या वेळा बघू तितकी बघण्याची गरज वाढत जाते. वही फेकून द्या असं मी सांगितलं नाही, सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं आणि बरोबरच होतं त्यांचं. आम्ही त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना विचारायची एक चिठ्ठी लिहिली, की ऑक्सिजन घरी किती वेळा बघायचा, किती आला तर फोन करायचा, आणि कुठली लक्षणं आली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता यायचं. डॉक्टरांनी सांगितलं रोज बघायची गरजच नाही, धाप वाढली तर बघा. आणि लक्ष ठेवायच्या गोष्टी वेगळ्याच निघाल्या. डोळा लाल होऊन दुखणं, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं. छातीत धडधड किंवा ठोके चुकल्यासारखं वाटणं, चक्कर येऊन पडणं. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं. धाप आधीपेक्षा वाढत जाणं. यातलं काहीच ऑक्सिमीटरच्या वहीत नव्हतं, बाई वर्षभर भलत्याच दारावर पहारा देत बसल्या होत्या.

आता थकव्याबद्दल, कारण घरातली भांडणं त्यावरूनच होती. मिस्टरांना एकदा बोलावून घेतलं. माणूस चांगला, पुण्याच्या सगळ्या फेऱ्या त्यांनीच केलेल्या, पण म्हणाले मॅडम, एक्सरे क्लिअर आला, डॉक्टरांनी हात मिळवला, मी पेढे वाटले, आणि ही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आडवी, मग मी काय समजायचं? बाई खाली मान घालून ऐकत होत्या. मी त्यांना सांगितलं की या आजारात थकवा हे सगळ्यात जास्त आढळणाऱ्या तक्रारींपैकी एक आहे आणि तो एक्सरेच्या हिशोबाने चालत नाही, फुफ्फुस साफ दिसत असताना, गाठी आटलेल्या असतानाही महिनोन्‌महिने राहू शकतो. नेदरलँडमध्ये थकवा मोजायची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली बनवलीय, सार्कॉइडोसिसच्या पेशंटसाठीही ती वापरतात, स्कोअर १० ते ५० मध्ये येतो आणि २२ किंवा वर असला तर थकवा आहे असं धरतात. त्यातले प्रश्न मी बाईंना मिस्टरांसमोर मराठीत विचारले. एक प्रश्न साधारण असा की एखादी गोष्ट सुरू करायलाच जड जातं का. बाई म्हणाल्या, आंघोळीला जायचं म्हणून मी पलंगावर बसते आणि टॉवेल हातात धरून अर्धा तास तशीच बसून राहते. मिस्टर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले हे तू मला कधी सांगितलं नाहीस. सांगितलं नव्हतंच, कारण सांगितलं तर आळशी म्हणतील अशी भीती.

अर्थात सगळा थकवा सार्कॉइडोसिसवर ढकलायचा नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर, झोप हे डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं, डिप्रेशन पण बघायचं. बाईंच्या बाबतीत या आजारासाठी दिलेल्या स्टिरॉइडमुळे झोपेची वाट लागली होती, प्रेडनिसोलोन नावाची ती गोळी सुरू असताना रात्री दोनला उठून डबे घासायच्या, तोंड सुजलेलं, भूक सारखी, आणि मुलीवर ओरडून मग स्वयंपाकघरात रडायच्या. ही चिडचिड औषधाने पण होते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, त्या समजत होत्या आपला स्वभावच बिघडला. हे कळल्यावर एकदा कंटाळून त्यांनी गोळी स्वतःच बंद करायचा विचार केला होता, ते मात्र कधी करायचं नाही. बरेच दिवस स्टिरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं, एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून डॉक्टर तो डोस हळूहळू उतरवतात. आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. थकवा म्हणून शेजारणीने त्यांना व्हिटॅमिन डी-थ्रीची आठवड्याला घ्यायची पावडर आणि कॅल्शियमच्या गोळ्या आणून दिल्या होत्या, प्रेमानेच. पण सार्कॉइडोसिसमध्ये ते पुंजकेच व्हिटॅमिन डीचं काम करणारं रूप जास्त बनवू शकतात आणि रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं, किडनी स्टोन होऊ शकतो, त्यामुळे डॉक्टरांना न विचारता या दोन्ही गोष्टी घ्यायच्याच नाहीत, बाकीच्यांना कितीही चालत असल्या तरी.

थकव्यासाठी आम्ही जे केलं ते ऐकायला साधं आहे पण बाईंना सगळ्यात अवघड तेच गेलं. त्यांचं व्हायचं काय, रविवारी जरा बरं वाटलं की चादरी धुवायच्या, माळा काढायचा, वह्या तपासायच्या, पाहुण्यांना जेवायला बोलवायचं, आणि सोमवार-मंगळवार रजा. पगार झाल्या दिवशीच सगळा उडवून टाकायचा असं चाललं होतं. मग ठरलं की बरं असलेल्या दिवशीही ठरवलेल्या कामापेक्षा जास्त करायचं नाही आणि वाईट दिवशीही अंगणात दहा मिनिटं तरी चालायचं. शाळेत मुख्याध्यापकांना सांगून वर्ग तळमजल्यावर घेतला. हे मागताना त्यांना फार लाज वाटत होती, पण सर लगेच हो म्हणाले, उलट आधी का नाही सांगितलं असं विचारलं.

राहिला तो परत येण्याचा प्रश्न. मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. निम्म्याहून जास्त लोकांमध्ये हा आजार दोन-तीन वर्षांत शांत होतो, काहींमध्ये मुक्काम ठोकतो, आणि स्टिरॉइड बंद केल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत परत डोकं वर काढू शकतो. आपण कुठल्या गटात आहोत हे आज कुठलीच टेस्ट खात्रीने सांगत नाही. हे मी बोलले आणि बाई रडल्या, पण मग म्हणाल्या की निदान कुणीतरी सरळ सांगितलं. मी म्हटलं बरं, आलं परत, पुढे काय ते सांगा. आधी उत्तर एवढंच की मग सगळं संपलं. नाही, संपलं नाही, सोमवारी सकाळी काय होईल ते सांगा. मग हळूहळू निघालं. पुण्याला कोण नेणार, दुकान कोण बघणार, वैद्यकीय रजा किती शिल्लक आहे, मुलीच्या क्लासची ने-आण, सासूबाईंना कुणी आणि किती सांगायचं, जुने सीटी स्कॅन कुठल्या पिशवीत आहेत. त्यांनी ते त्याच ऑक्सिजनच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलं, मिस्टरांनी त्यात दोन फोन नंबर घातले. भीती गेली नाही. पण रात्री दोनला डोक्यात जे फिरत राहायचं त्याला लिहिलेलं उत्तर मिळालं, आणि उरलेल्या काळजीसाठी आम्ही संध्याकाळी चहानंतरची वीस मिनिटं ठेवली, त्या वेळात हवी तितकी काळजी करायची, इतर वेळी मनात आलं की त्याला सांगायचं, सहा वाजता ये.

आणि ते परत आलं. स्टिरॉइड बंद होऊन तीन-चार महिने झाले असतील, उजवा डोळा लाल, उजेडाकडे बघवेना. आधीच्या बाई असत्या तर मेडिकलमधून ड्रॉप आणून आठवडा काढला असता, डोळे आलेत म्हणून. या वेळी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या, सार्कॉइडोसिस आहे हे आधी सांगितलं, डोळ्याच्या आतली सूज निघाली, ड्रॉप सुरू झाले, नजर शाबूत राहिली. मला फोन केला तेव्हा आवाज थरथरत होता पण बोलणं सगळं कामाचं होतं, पुण्याची अपॉइंटमेंट कधीची मिळाली, वर्ग कुणाकडे दिला वगैरे.

आता मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध चालू आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर धोकादायक, म्हणून मिस्टरांनी कॅलेंडरवर प्रत्येक शनिवारी गोल केलाय, डॉक्टरांनी सांगितलेली फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या दिवशी, आणि लिव्हर-रक्ताच्या तपासण्या वेळच्या वेळी. थकवा पूर्ण गेलेला नाही. सज्जनगडाच्या पायऱ्या त्या दरवर्षी मुलीबरोबर चढायच्या, यंदा निम्म्या चढून कठड्यावर बसल्या, मुलगी वर जाऊन दर्शन घेऊन आली, मग दोघींनी डबा तिथेच खाल्ला. ऑक्सिमीटर आता मिस्टरांच्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये असतो, धाप वाढली तर मागून घ्यायचा. पुढचा फॉलोअप दिवाळीची सुट्टी संपल्यावर आहे.