बीएस्सी केमिस्ट्री, दूध आणि किरणोत्सार

प्रश्न : सांगोल्याजवळ माझं दूध संकलन केंद्र आहे. मुलगी सोलापुरात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, मुख्य विषय केमिस्ट्री. अणुवीज केंद्राभोवतीच्या दुधातला किरणोत्सार तपासतात, त्या कामात तिला जायचंय. इंजिनिअरिंग लागतं का? धोका किती? – एक पालक

उत्तर : इंजिनिअरिंग लागत नाही. हे काम केमिस्टचं, आणि चिकाटीचं.

अणुभट्टीतून बाहेर पडलेलं किरणोत्सारी आयोडीन-१३१ गवतावर बसलं की चरणारी गाय ते रानभर फिरून गोळा करते. ते दुधात उतरतं आणि पिणाऱ्या पोरांच्या थायरॉइडमध्ये साठतं. १९५७ साली इंग्लंडमध्ये विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली, तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटर भागातलं दूध ओतून द्यावं लागलं. आपल्याकडे तारापूर, कैगा अशा ठिकाणी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा ही तपासणी करतात. (सोलापूरजवळचा फताटेवाडीचा वीजप्रकल्प कोळशावरचा. म्हणजे मुलीला घर सोडावं लागणार.)

लिटरभर दूध मरिनेली बीकरमध्ये घेतात. बीकरच्या तळाची पोकळी गॅमा किरण टिपणाऱ्या डिटेक्टरवर टोपीसारखी बसते. डिटेक्टर जर्मेनियमचा, द्रव नायट्रोजनने गार ठेवलेला, भोवती शिशाचं कवच. मोजणी तासन्‌तास चालते. आयोडीन-१३१ असेल तर आलेखात ३६४ केइव्हीला (किरणांच्या ऊर्जेचं एकक) शिखर उठतं, किरणोत्सारी सीझियम-१३७ असेल तर ६६२ ला. १४६० चं शिखर मात्र असायलाच हवं. ते पोटॅशियम-४० चं, निसर्गातलंच. लिटरभर दुधात साधारण दीड ग्रॅम पोटॅशियम, म्हणजे ४५ बेकरेलच्या (किरणोत्साराचं एकक) आसपास. तुमच्या केंद्रावरच्या दुधातही. ते दिसलं नाही तर दुधाआधी यंत्र तपासायचं.

चुका बहुतेक नमुन्यातच होतात. दूध फाटलं की चोथा तळाशी बसतो, मोजणी चुकते. म्हणून दूध टिकवायला फॉर्मॅलिन घालतात. तुमच्या केंद्रावर ती भेसळ ठरते, इथे रीतच आहे. बाटलीवर ‘पिण्यासाठी नाही’ हवं. दूध काढल्याची तारीख-वेळ राहिली तर आयोडीनचा आकडा गेलाच, कारण ते ८ दिवसांत निम्मं होतं. पुढच्या तपासणीसाठी त्याच नमुन्याची आधी राख केली, तरी आयोडीन उडून जातं.

स्ट्रॉन्शियम-९० हेही किरणोत्सारी, पण ते गॅमा किरण देत नाही. त्यासाठी राख करून, ते रसायनांनी वेगळं काढून, त्यापासून यट्रियम-९० तयार व्हायला दोनेक आठवडे थांबून बीटा किरणांची मोजणी करतात. तुमच्या मुलीची केमिस्ट्री खरी इथे लागते.

धोका? रोजच्या नमुन्यांतला किरणोत्सार नगण्य असतो. जपायचं ते तीव्र आम्लांपासून, राखेच्या भट्टीपासून आणि बंद खोलीतल्या नायट्रोजनपासून. तो खोलीतला प्राणवायू कमी करतो.

आता वाट. बीएस्सीला ६० टक्के हवेतच. मग भाभा केंद्र आणि एनपीसीआयएल (अणुवीज केंद्रं चालवणारी सरकारी कंपनी) यांच्या ‘स्टायपेंडरी ट्रेनी’च्या, म्हणजे विद्यावेतनावरच्या प्रशिक्षणार्थींच्या, जाहिराती पाहा, मुख्य-दुय्यम विषयांची जोडी नीट वाचा, गणित सुटलं तर अर्ज तिथेच अडकू शकतो. वयाची अटही कडक असते, वर्षं वाया घालवू नका. माझ्या मते एमएस्सी करून भाभा केंद्राच्या प्रशिक्षण शाळेची परीक्षा द्यावी. तिथून वैज्ञानिक अधिकारी होता येतं. जागा थोड्या, स्पर्धा मोठी. पण हीच उपकरणं शिकलेल्या मुलीला अन्न व पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांतही काम मिळतं. ‘न्यूक्लियर’ नावाच्या महागड्या खासगी कोर्सला मात्र पैसे देऊ नका.

सुट्टीत तिला केंद्रावर बसवा. एकाच कॅनमधल्या दुधाची फॅट दहा वेळा काढायला लावा, दहाही आकडे वहीत लिहायला सांगा, आणि ते सारखे का येत नाहीत हे तिचं तिलाच शोधू द्या.