रोही वेगळा, रोहित वेगळा

प्रश्न असा आहे: "नागपूरच्या बातमीत 'रोहीच्या धडकेत दुचाकीस्वार जखमी' असं वाचलं. रोहित म्हणजे फ्लेमिंगो ना? मग रोही हे त्याचंच बोलीतलं रूप का?"

नाही. रोही म्हणजे नीलगाय. काटोल, उमरेड, हिंगण्याकडे 'रोही आडवा आला', 'हरभऱ्यात रोही शिरले' असंच ऐकू येतं. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी सव्वा ते दीड मीटर उंच आणि 200 किलोच्या घरातला. अंधारात असा प्राणी दुचाकीवर आला की काय होतं ते सांगायला नको. रंग निळसर राखाडी, गळ्यावर पांढरा पट्टा, खाली केसांचा झुपका. शिंगं फक्त नरालाच, तीही जेमतेम वीतभर. मादी आणि पिल्लं मात्र तांबूस-बदामी, त्यामुळे 'नील' हे विशेषण कळपातल्या बऱ्याच जणांना लागू पडत नाही. गायही ती नव्हेच. हा कुरंग (अँटिलोप) आहे आणि चौसिंगा त्याचा सर्वांत जवळचा नातलग. म्हणूनच मला रोही हे नाव जास्त नेमकं वाटतं.

रोहित हा पक्षी. ठाण्याच्या खाडीत, उजनीच्या भिगवणकडच्या पाण्यात हिवाळ्यात त्याचे थवे उतरतात. पंखांतला लाल-गुलाबी रंग खाण्यातून येतो, शेवाळ आणि बारीक कोळंबीवर्गीय जीवांमधून. पिल्लं राखाडीच असतात.

गोंधळ होतो तो संस्कृतमुळे. तिथे रोहित म्हणजे तांबडा. शिवाय एका जातीचं हरिण आणि रोहू मासा यांनाही तेच नाव. पण विदर्भातला रोही हा पक्ष्याचं नाव तोडून झालेला नाही. गुजरातीतला 'रोझ' आणि माळव्याकडचा 'रोजडा' हेही नीलगायच, हे त्यासाठी पाहावं.

वापरताना खरी अडचण विभक्तीत येते. 'रोहीने' आणि 'रोह्याने' दोन्ही छापलं जातं. एकवचनात 'रोहीला' बरं, कारण 'रोह्याला' म्हटलं की कोकणातला वाचक थेट रायगडातल्या रोहा गावी पोचतो. अनेकवचनात 'रोह्यांचा कळप' निर्धोक; पक्ष्यासाठी 'रोहितांचा थवा'. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी लिहीत असाल तर पहिल्या उल्लेखाला 'रोही (नीलगाय)' लिहा, पुढे नुसतं रोही पुरतं.